एनआरई ठेवीच्या व्याजावर टीडीएस कापला? पैसे परत मिळवायची वाट

मी मूळचा दापोलीजवळचा, गेली अकरा वर्षं शारजात. आखातात नोकरी करणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेकांसारखंच माझं गणित साधं: महिन्याचा पगार आला की घरखर्चाचे पैसे बाबांच्या खात्यात आणि उरलेले माझ्या एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयानं परदेशातली कमाई रुपयांत ठेवायचं खातं). थोडे साठले की त्यांची मुदत ठेव. एनआरई खात्यावरचं व्याज भारतात करमुक्त असतं, हे इथे उतरल्या उतरल्या रूममेटनं सांगितलेलं पहिलं शहाणपण. त्यामुळे त्या व्याजातून कर कापला जाईल असं कधी मनातही आलं नव्हतं.

तो कापला गेला. वीस लाखांची ठेव होती, ७ टक्के दर, दर तिमाहीला व्याज खात्यात. म्हणजे ३५,००० रुपये यायला हवेत. जून २०२३ मध्ये आले २४,०८०. मला वाटलं, बँकेनं हिशेब वेगळा केला असेल. सप्टेंबरमध्येही तेवढेच. डिसेंबरचं व्याज आल्यावर बाबांनी फोनवर विचारलं, "अरे, व्याजाचा दर उतरला काय?" तेव्हा कुठे मी स्टेटमेंट नीट उघडलं. तीन तिमाह्यांत मिळून ३२,७६० रुपये टीडीएस म्हणून, म्हणजे व्याज देतानाच कापलेला कर म्हणून, गेले होते.

पैसे परत मिळाले, पण त्याला जवळजवळ अकरा महिने लागले. त्यातले निदान सहा माझ्या अज्ञानामुळे वाया गेले. ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट आधीच सांगतो. "बँकेनं चूक केली, बँकेनंच परत द्यावे" हे ऐकायला न्याय्य वाटतं, पण कापलेला पैसा या क्षणी कुठे पडलाय त्यावर पुढचा मार्ग ठरतो. बँकेकडेच असेल तर बँक तो उलटवू शकते. सरकारजमा झाला असेल तर बहुतेक वेळा रिटर्न भरून रिफंड मागण्यावाचून तुमच्या हातात दुसरं काही उरत नाही. आणि बँकेकडून सरकारकडे जायला त्याला फार दिवस लागत नाहीत.

१. आधी खात्री करा की कापणी खरंच चुकीची आहे

ही पायरी टाळू नका. बँकेशी भांडायला गेलेले माझ्या ओळखीचे दोघं याच पायरीवर तोंडघशी पडले.

आयकर कायदा १९६१ (३१ मार्च २०२६ पर्यंतच्या व्याजासाठी हाच), कलम १०(४)(ii) प्रमाणे एनआरई खात्यावरचं व्याज करमुक्त आहे, पण ते फेमा म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार भारताबाहेर राहणाऱ्या व्यक्तीसाठी. इथे वर्षात भारतात किती दिवस राहिलात हा आयकराचा १८२ दिवसांचा हिशेब लागत नाही, फेमाचा लागतो. तुम्ही जानेवारीत नोकरीसाठी देश सोडलात, तर त्या आर्थिक वर्षात आयकराच्या भाषेत तुम्ही कदाचित निवासीच असाल. तरीही फेमाप्रमाणे नोकरीसाठी बाहेर पडल्यापासून तुम्ही अनिवासी, आणि तेव्हापासूनचं एनआरई व्याज करमुक्त.

उलट दिशेनं हाच नियम टोचतो. माझा एक मित्र २०२२ मध्ये मस्कतची नोकरी सोडून कायमचा रत्नागिरीत आला. एनआरई ठेव तशीच मुदतीपर्यंत चालू ठेवली आणि बँकेला कळवलंच नाही. ठेवीवर ठरलेला दर मुदत संपेपर्यंत मिळत राहतो हे खरं, पण कायमचं परतल्यावर त्याची करसवलत संपली होती. बँकेला पत्ता लागला तेव्हा तिनं ठेव निवासी केली आणि टीडीएस लावला. त्यात बँकेची चूक काहीच नव्हती.

चुकीची न ठरणारी आणखी काही कारणं:

मुदतीआधी ठेव मोडली असेल तर. एनआरई ठेवीची किमान मुदत एक वर्ष. त्याआधी मोडली तर व्याज मिळतच नाही आणि तोवर खात्यात आलेलं व्याज बँक मुद्दलातून वळतं करते. ही वजावट पाहून "कर कापला" म्हणणारे खूप भेटतात. तो कर नव्हे.

ठेव एनआरओ खात्यातून (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) झाली असेल तर. एनआरओच्या व्याजावर कर आहे. नुसत्या बचत खात्याच्या व्याजावरही. गावाकडचं भाडं, जमिनीचे पैसे, पेन्शन यासाठी अनेकांचं एनआरओ खातं असतं, आणि मोबाइल ॲपमध्ये ठेव करताना कुठल्या खात्यातून पैसे घ्यायचे ती यादी वरखाली झाली की घोटाळा होतो. ठेवीच्या पावतीवर एनआरई लिहिलंय की एनआरओ, ते पाहा. एनआरओ असेल तर टीडीएस बरोबरच आहे.

एफसीएनआर, म्हणजे परकीय चलनातली ठेव वेगळी असते. तिचं व्याजही करमुक्त, पण वेगळ्या कलमाखाली आणि वेगळ्या अटींवर. या लेखात मी फक्त एनआरईबद्दल बोलतोय.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडात असलेल्यांसाठी एक सूचना. हे व्याज भारतात करमुक्त आहे. तुम्ही जिथे कर भरता तिथे ते दाखवावं लागू शकतं, अमेरिकेत तर लागतंच. आम्हा आखातवाल्यांना ती डोकेदुखी नाही, पण म्हणूनच इथे कापलेला रुपया दुसरीकडे कुठे वळताही करून घेता येत नाही. भारतातून रिफंड आला तरच आला.

२. किती टक्के कापले ते मोजा, चूक तिथेच सापडते

कापलेली रक्कम भागिले एकूण व्याज. बँकेच्या काउंटरवर तासभर उभं राहून जे कळत नाही, ते हा भागाकार सांगतो.

३१.२ टक्के आले तर बँकेच्या संगणकाला तुम्ही अनिवासी आहात हे माहीत आहे, पण तो तुमची ठेव एनआरओ समजतोय. अनिवासींचा ३० टक्के दर आणि त्यावर ४ टक्के उपकर, मिळून हा आकडा. कलम १९५. माझं हेच झालं होतं: ३५,००० चे ३१.२ टक्के म्हणजे बरोबर १०,९२०.

१० टक्के आले तर बँक तुम्हाला निवासीच समजतेय. कलम १९४ए. हे बहुधा जुना ग्राहक क्रमांक तसाच राहिल्यामुळे होतं. कॉलेजात असताना काढलेलं बचत खातं, त्यावरच नंतर एनआरई उघडलं, आणि ग्राहकाचा प्रकार बदलायचा राहून गेला.

२० टक्के आले तर निवासी समजतेय आणि वर पॅन सापडत नाहीये, किंवा पॅन निष्क्रिय झालंय. याबद्दल पुढे वेगळं लिहिलंय, कारण आमच्या कँपमध्ये निम्म्यांना याचाच ताप झाला.

हे करून मगच बँकेला फोन करा. "माझ्या व्याजातून पैसे गेले" यापेक्षा "माझ्या एनआरई ठेवीवर कलम १९५ खाली ३१.२ टक्के कापलेत, ठेवीचा प्रकार तपासा" असं म्हटलं की समोरचा माणूस सावरून बसतो.

माझ्या बाबतीत मूळ काय होतं ते शेवटी कळलं. ठेवीचं नूतनीकरण करताना कुणीतरी योजनेचा कोड एनआरओचा टाकला होता. पावतीवर मात्र एनआरईच छापलं होतं. ती पावती मी फोटो काढून जपून ठेवली होती म्हणून बरं.

३. कागद जमवा

भांडायला बसण्याआधी एका फोल्डरमध्ये हे ठेवा:

- पॅन
- पासपोर्टची माहितीची पानं आणि भारतातून बाहेर पडल्याचे, आत आल्याचे शिक्के असलेली सगळी पानं
- व्हिसा किंवा तिथलं निवासी कार्ड, चालू आणि ज्या वर्षी कर कापला त्या वर्षीचं
- एनआरई खातं उघडल्याचं बँकेचं पत्र किंवा चेकबुकचं पहिलं पान, ज्यावर खात्याचा प्रकार छापलेला असतो
- ठेवीची पावती, नूतनीकरण झालं असेल तर दोन्ही पावत्या
- त्या पूर्ण आर्थिक वर्षाचं खात्याचं स्टेटमेंट
- व्याजाचा दाखला
- फॉर्म १६ए (बँकेनं कापलेल्या कराचं प्रमाणपत्र)
- आयकर पोर्टलवरून २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) आणि एआयएस (वर्षभराच्या उत्पन्नाचा, व्यवहारांचा गोषवारा)

आता विमानतळांवर स्वयंचलित दरवाजे झाल्यानं तिकडचे शिक्के पासपोर्टवर पडतीलच असं नाही. तिकिटं आणि बोर्डिंग पास मेलमध्ये जपून ठेवायची सवय लावा.

ठेव आईबरोबर किंवा बाबांबरोबर जोडीनं असेल तर पहिलं नाव कुणाचं आहे ते पाहा. एनआरई खात्यात निवासी नातेवाइकाला जोडीदार करता येतो, पण तो दुसऱ्या क्रमांकावर. पहिलं नाव चुकून वडिलांचं पडलं असेल तर मूळ खातंच दुरुस्त करावं लागेल.

४. पैसा कुठे आहे ते शोधा

बँका महिन्याभरात कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारजमा करतात. मार्चचा मात्र ३० एप्रिलपर्यंत. त्यानंतर तिमाहीचं टीडीएस विवरण भरतात. अनिवासींचा टीडीएस २७क्यू या फॉर्ममध्ये जातो, निवासींचा २६क्यूमध्ये. विवरणाच्या मुदती ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे. विवरण भरलं की मगच ते तुमच्या २६एएसमध्ये दिसू लागतं.

म्हणजे जूनअखेरीस व्याज आलं आणि त्यात कापणी दिसली, तर तुमच्या हातात साधारण आठवडाभर असतो. त्या आठवड्यात बँकेनं कर भरला नसेल तर ती नोंद सरळ उलटी फिरवता येते आणि पैसे तुमच्या खात्यात परत. मी डिसेंबरच्या व्याजाबद्दल बँकेला फोन केला ११ जानेवारीला. शाखेतल्या माणसानं तपासून सांगितलं, चलन गेल्या आठवड्यातच भरलं गेलं. तीन-चार दिवसांनी हुकलं.

सरकारजमा झाला तरी विवरण भरलेलं नसेल, तर बँक आपल्या पुढच्या देण्यातून ते वळतं करून घेऊ शकते. पण हे करायला शाखेत कुणाला अधिकार नसतात, मुख्य कार्यालयाच्या कर विभागाकडे जावं लागतं, आणि बँकेला यात काडीचा फायदा नसल्यानं कुणी घाई करत नाही. तरीही लेखी मागा. तेवढ्यानं काम झालेली एक-दोन उदाहरणं मला माहीत आहेत.

२६एएस पाहताना चार गोष्टी टिपा: बँकेचा टॅन क्रमांक (कर कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक), कलम, तुमच्या नावे जमा झालेली रक्कम, आणि नोंदीपुढचं अक्षर. तिथे एफ असेल तर पैसा सरकारकडे पोचला आणि जुळला. यू असेल तर बँकेच्या विवरणात आणि भरलेल्या चलनात मेळ नाही. ही दुरुस्ती बँकेनंच करायची, आणि ती झाल्याशिवाय रिटर्न भरून काही उपयोग नाही. नोंदच नसेल तर बहुधा दुसऱ्याच पॅनवर गेलाय. असं झालं तर तातडीनं बँकेला लिहा, कारण मुदत उलटली की हे प्रकरण फार चिवट होतं.

५. बँकेला लेखी कळवा, दोन वेगळ्या मागण्या करा

नोंदवलेल्या ईमेलवरून लिहा. फोनवर कितीही गोड बोलणं झालं तरी त्याचा कागद होत नाही. बाबांना शाखेत पाठवून मी हे शिकलो. तिथे त्यांना मॅनेजरनं खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, "काका, तुम्ही काळजी करू नका, मी बघतो." ते बघत राहिले. खातं माझ्या नावावर असल्यानं बाबांच्या तोंडी तक्रारीची नोंदही कुठे झाली नव्हती.

मेलमध्ये पहिली मागणी: ठेवीचा आणि ग्राहकाचा प्रकार दुरुस्त करा आणि पुढच्या व्याजातून कर कापू नका. दुसरी मागणी: आधीची कापणी उलटी करा, किंवा ते शक्य नसेल तर ही ठेव एनआरई होती आणि चुकीनं कर कापला गेला असं लेखी पत्र द्या, आणि १६ए द्या. बँका पहिली मागणी लगेच मान्य करतात. दुसरीतलं पत्र द्यायला टाळाटाळ करतात, कारण त्यात चूक कबूल करावी लागते. तुम्ही तेच धरून बसा. मला ते पत्र तिसऱ्या मेलनंतर मिळालं, दोनच ओळींचं, पण पुढे कामाला आलं.

१६ए तिमाही विवरणाच्या मुदतीनंतर १५ दिवसांत मिळायला हवा, म्हणजे १५ ऑगस्ट, १५ नोव्हेंबर, १५ फेब्रुवारी आणि १५ जून.

इथला सगळ्यात नेहमीचा सापळा: शाखेतला कर्मचारी सांगतो, "१५जी भरून द्या, पुढे कापणार नाही." अनिवासी माणसानं १५जी किंवा १५एच द्यायचा नसतो. 'कर कापू नका' असं सांगणारे ते दोन्ही फॉर्म निवासींसाठी आहेत आणि त्यावर तुम्ही निवासी असल्याचं स्वतः सहीनिशी सांगता. एनआरई खातं असलेल्यानं असा कागद दिला तर करमुक्त असण्याचं मूळ कारणच तुम्ही स्वतःच्या हातानं खोडून टाकता.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रार पोर्टलवरून तक्रार करता येते. आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो. लोकपालाकडे जायलाही मुदत आहे, म्हणून वर्षभर मेलामेलीत घालवू नका. पण सरकारजमा झालेला पैसा लोकपाल काढून देत नाही हेही लक्षात ठेवा. त्याचा उपयोग दुरुस्त नोंद, पत्र आणि प्रमाणपत्र मिळवायला.

६. पॅनची प्रकृती तपासा

रिटर्न भरायच्या आधी हे करा, नंतर नाही. १ जुलै २०२३ पासून आधारशी न जोडलेली पॅन निष्क्रिय झाली. अनिवासींना आधार जोडण्यातून सूट आहे, पण आयकर खात्याच्या नोंदीत तुम्ही अनिवासी असाल तरच. आपल्यापैकी बहुतेकांनी पॅन काढलं पुण्यात किंवा मुंबईत शिकताना, तेव्हा निवासी लिहिलेलं, आणि पुढे कुणी बदललंच नाही. मग पॅन निष्क्रिय, त्यामुळे जास्त दरानं कापणी, आणि रिफंडही अडकलेला.

पोर्टलवर स्वतःची निवासी स्थिती बदला आणि तुमच्या क्षेत्रातल्या आयकर अधिकाऱ्याला पासपोर्टच्या प्रतीसह कळवा. त्याचा ईमेल पोर्टलवर 'अधिकारक्षेत्र जाणून घ्या' या भागात सापडतो. निष्क्रिय पॅननंही रिटर्न भरता येतं, पण रिफंड सुटत नाही आणि त्या काळाचं व्याजही मिळत नाही. आधार असेल तर सरळ जोडून टाकणं हा त्याहून सोपा उपाय आहे, आणि मी तोच केला.

७. रिटर्न भरा: आयटीआर-२

अनिवासींना आयटीआर-१ चालत नाही. धंदा नसलेल्या आपल्यासारख्यांना आयटीआर-२. उत्पन्न करमर्यादेच्या खाली असलं तरी रिफंड हवा असेल तर रिटर्न भरावंच लागतं.

फॉर्ममध्ये ज्या जागी गडबड होते त्या सांगतो.

निवासी स्थिती 'अनिवासी' निवडली की राहण्याचा देश आणि तिथला कर क्रमांक विचारतात. आखातात वैयक्तिक कर क्रमांक नसेल तर पासपोर्ट क्रमांक टाकायचा. फॉर्मच्या सूचनांमध्येच तसं आहे.

एनआरई व्याज शेड्यूल ईआयमध्ये, म्हणजे करमुक्त उत्पन्नात दाखवायचं. पूर्ण रक्कम, कापणीच्या आधीची. माझ्या बाबतीत तिथे मार्चचं धरून चार तिमाह्यांचे १,४०,००० आले. खात्यात जमा झालेला आकडा टाकू नका.

टीडीएसच्या शेड्यूलमध्ये बँकेचा टॅन आणि रक्कम आधीच भरून येते. तिथे एक रकाना असतो: ज्या उत्पन्नावर हा कर कापला ते कुठल्या शीर्षकाखाली दाखवलंय. तिथे 'करमुक्त उत्पन्न' निवडा. मी निवडलं 'इतर स्रोत', कारण यादीत तेच वर होतं आणि जुन्या सवयीनं हात तिकडे गेला. परिणाम: सहा आठवड्यांनी कलम १३९(९) ची नोटीस. "तुम्ही टीडीएस मागता, पण त्याचं उत्पन्न दाखवलेलं नाही, म्हणून तुमचं रिटर्न सदोष." उत्तर द्यायला १५ दिवस. नोटीस ईमेलच्या स्पॅममध्ये पडली होती, मी बाराव्या दिवशी पाहिली. रकाना सुधारून पुन्हा भरलं, तेव्हा गाडी पुढे सरकली. पंधरा दिवस निघून गेले असते आणि मुदतवाढही मागितली नसती, तर रिटर्न भरलंच नाही असं धरलं गेलं असतं.

आता एक सल्ला, जो तुम्हाला हमखास मिळेल: "कशाला भानगड, व्याज करपात्र म्हणून दाखव, तुझं उत्पन्न मर्यादेत आहे, रिफंड तसाही येणार." मला दोन जणांनी दिला, त्यातला एक सीए होता. छोट्या रकमेला हिशेबानं हे जमतंही. मला तो पटला नाही. एकदा तुम्हीच करपात्र म्हटलं की पुढच्या वर्षी बँकेनं पुन्हा कापलं तर कुठल्या तोंडानं चूक म्हणणार? शिवाय भारतातलं उत्पन्न पंधरा लाखांच्या वर आणि दुसऱ्या देशात कर नाही, अशा आखातवाल्या नागरिकाला आयकर कायदा निवासी मानू शकतो. त्या पंधरा लाखांत करमुक्त व्याज मोजलं जात नाही, करपात्र म्हणून दाखवलेलं मात्र मोजलं जाईल.

एआयएसमध्येही त्या व्याजाच्या नोंदीवर अभिप्राय देता येतो. 'उत्पन्न करपात्र नाही' हा पर्याय निवडा. दोन मिनिटांचं काम आहे आणि रिटर्नशी सुसंगत राहतं.

रिफंडसाठी बँक खातं पोर्टलवर आधी पडताळून घ्यावं लागतं. यासाठी एनआरओ खातं द्या, तेच सुरळीत चालतं. नाव पॅनवर जसं तसंच बँकेत हवं. बँकेत वडिलांचं नाव मध्ये आणि पॅनवर नाही, एवढ्यावरून खातं नाकारलेलं मी पाहिलंय.

भरल्यावर तीस दिवसांत पडताळणी करा. आधारच्या मोबाइलवर ओटीपी येत नसेल, आणि परदेशात असताना तो बऱ्याचदा येतच नाही, तर नेटबँकिंगमधून पोर्टल उघडून करता येते. तेही नाही तर सही केलेली पावती आयकर खात्याच्या बेंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राला टपालानं. पडताळणी न झालेलं रिटर्न म्हणजे न भरलेलंच.

८. मुदती आणि उशीर झाला असेल तर

आयटीआर-२ ची नेहमीची मुदत ३१ जुलै. ती चुकली तर त्याच कर निर्धारण वर्षाच्या (म्हणजे कमाईच्या आर्थिक वर्षानंतरच्या वर्षाच्या) ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. दंड ५,००० पर्यंत, एकूण उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर १,०००, आणि करमर्यादेच्याच खाली असेल तर नाही. वेळेत भरलं तर रिफंडवरचं व्याज १ एप्रिलपासून, दरमहा अर्धा टक्का. उशिरा भरलं तर भरल्याच्या दिवसापासून.

त्याहून जुनी वर्षं असतील तर दार पूर्ण बंद नाही. कलम ११९(२)(ब) खाली उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षं. उदाहरणार्थ कर निर्धारण वर्ष २०२२-२३ चा दावा असेल तर ३१ मार्च २०२८ पर्यंत. एक कोटीपर्यंतचे दावे आयुक्त पातळीवर निकाली निघतात. उशीर का झाला ते पुराव्यासह लिहावं लागतं, आणि बँकेचं ते दोन ओळींचं पत्र इथे कामाला येतं. मंजूर झालं तरी या मार्गानं आलेल्या रिफंडवर व्याज मिळत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे. त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदललेत आणि कर निर्धारण वर्षाऐवजी 'कर वर्ष' हा शब्द आलाय. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या व्याजासाठी वरचेच जुने क्रमांक धरा. त्यापुढच्या व्याजासाठी पत्रात कलम लिहिताना नवा क्रमांक तपासून घ्या.

९. वाट पाहताना

रिटर्न ज्या आर्थिक वर्षात भरलं ते संपल्यावर नऊ महिन्यांपर्यंत केंद्र त्यावर प्रक्रिया करू शकतं. बहुतेकांचं त्याच्या कितीतरी आधी होतं, पण टीडीएस आणि करमुक्त उत्पन्न एकत्र दिसलं की जरा थांबतं. आठवड्यातून एकदा पोर्टल उघडून 'प्रलंबित कामे' पाहा. ईमेलवर विसंबू नका.

कलम १४३(१) ची सूचना आली आणि त्यात टीडीएस कमी धरलेला दिसला, तर कलम १५४ खाली ऑनलाइन दुरुस्ती मागा. २६एएसमध्ये एफ असेल तर ही दुरुस्ती सहसा होते. रिफंड निघाला पण खात्यात पडला नाही, तर 'रिफंड पुन्हा पाठवा' ही विनंती टाकायची. ते आपोआप होत नाही.

रिफंडवर जे व्याज येतं ते मात्र करपात्र असतं. पुढच्या रिटर्नमध्ये इतर स्रोतांत दाखवा. मला नोव्हेंबर २०२४ मध्ये ३४,०६८ रुपये आले, त्यातले १,३०८ व्याजाचे. एवढ्याशा रकमेसाठीही तो रकाना रिकामा ठेवू नका. तुमच्या एआयएसमध्ये ती आधीच छापून आलेली असते.

१०. पुन्हा होऊ नये म्हणून

व्याज जमा होण्याच्या तारखा मी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकल्यात, प्रत्येक तिमाहीच्या पहिल्या दिवशी गजर. अपेक्षित आकडा समोर लिहिलेला असतो. एक रुपयाही कमी दिसला तर त्याच दिवशी मेल. ठेवीचं आपोआप नूतनीकरण मी बंद केलंय. दर वेळी नवी पावती मागवतो आणि एनआरई शब्द पाहून मगच ठेवतो. बँकेचं विलीनीकरण झालं, संगणकप्रणाली बदलली, किंवा केवायसी पुन्हा केलं, की त्या तिमाहीला जास्त लक्ष द्या. ग्राहकाचा प्रकार अशाच वेळी घसरतो.

आणि भारतात कायमचे परत जाणार असाल, तर निघायच्या आठवड्यातच बँकेला कळवा. एनआरई खातं निवासी करून घ्या, परकीय चलन तसंच ठेवायचं असेल तर आरएफसी खात्याबद्दल विचारा. बाबा आता दर तिमाहीला मला न चुकता फोन करतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "पस्तीसच आले ना रे?"